लिमयेकाकांची शेवटची चौकशी

समस्त रहिवाशांना कळविण्यात येते की, या विश्वाला कोणी निर्माता आहे की ते आपले आपणच झाले आहे, या प्रश्नाचा अंतिम निकाल येत्या रविवारी सकाळी, चहापान झाल्यावर, पाण्याच्या टाकीजवळ लावण्यात येईल. त्याच वेळी पाण्याचा टँकर आल्यास निकाल पुढे ढकलण्यात येईल, याची कृपया नोंद घ्यावी.

ही सूचना मी आमच्या सोसायटीच्या फळ्यावर स्वतःच्या हातानं लिहिली होती. अक्षर माझं चांगलं आहे, आणि भाषा इतकी सरकारी जमली होती की सेक्रेटरींनी ती आठवडाभर पुसली नाही. त्यांना वाटलं, फेडरेशनकडून आली असणार. रविवारी माणसं खरंच जमली. टँकरही आला. सगळे बादल्या आणायला धावले आणि विश्व होतं तसंच राहिलं.

आमची बिल्डिंग डोंबिवली पूर्वेला, मानपाड्याच्या जरा अलीकडे. टाकीच्या कठड्याजवळ प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकून दर रविवारी हा खटला चाले. पक्षकार दोन. देवाच्या बाजूनं परबमामा, मालगाडीचे निवृत्त गार्ड, राहणार दुसरा मजला. विरुद्ध बाजूनं लिमयेकाका, एका रंगांच्या कारखान्यातले निवृत्त सेफ्टी ऑफिसर, राहणार तिसरा मजला. मी वयानं दोघांहून पुष्कळ लहान. नोकरी विम्यात, जीव नाटकात. माझं काम एवढंच, की जो हरत असेल त्याला एखादा मुद्दा पुरवायचा, म्हणजे खेळ लवकर संपत नाही.

लिमयेकाका कुठेही गेले की आधी त्यांचं नाक आत जायचं. दारात उभे राहून ते एकदा खोल श्वास घेत, मगच चपला काढत. संध्याकाळी गॅलरीत येऊन, आज कुठल्या बाजूच्या कारखान्यानं काय सोडलंय, हे ते आपण भाजीची फोडणी ओळखतो तसं सांगत. कुणाच्याही घरून निघताना स्वयंपाकघरात डोकावून गॅस सिलिंडर बंद करायचा, हा त्यांचा नेम. आमच्या घरच्या सत्यनारायणाला त्यांनी तसाच बंद केला. शेगडीवर प्रसादाचा शिरा होता. तो अर्धा कच्चा राहिला, आणि हा नास्तिक माणसाचा कावा आहे असं माझी आई जाईपर्यंत मानत होती.

पण खरा प्रकार कल्याणच्या नाट्यगृहात झाला. स्पर्धेचं नाटक, शेवटचा प्रवेश, आणि मी मरत होतो. मी मरायला जरा वेळ घेतो, हे मला मान्य आहे. प्रेक्षागृहात शांतता पसरलेली, पहिल्या रांगेत एक बाई पदर डोळ्यांना लावतेय, आणि तेवढ्यात उजवीकडून खर्रर्र असा आवाज. लिमयेकाकांना बाजूच्या दारासमोर जास्तीच्या खुर्च्या रचलेल्या दिसल्या होत्या. दोन डोअरकीपर पकडून ते त्या हलवून घेत होते. सगळं प्रेक्षागृह खुर्च्यांकडे बघत राहिलं आणि मी कधी मेलो ते कुणालाच कळलं नाही. नंतर मेकअपच्या खोलीत येऊन ते मनापासून म्हणाले, "छान मेलास. पण आग लागली असती तर सगळेच मेले असते रे."

कारखान्यात त्यांचं नाव 'त्याच्या आधी' असं पडलं होतं. अपघात झाला की चौकशी त्यांच्याकडे येई आणि ते एकच प्रश्न विचारत. समजा एकाचा हात भाजला. का? वाफ सुटली. त्याच्या आधी? व्हॉल्व्ह उघडा राहिला. त्याच्या आधी? शिंदे बंद करायला विसरला. इथे मॅनेजर खूश होऊन फाइल मिटायला लागे, कारण नाव मिळालं. लिमयेकाका फाइलवर हात ठेवत. त्याच्या आधी? शिंदे सलग दुसऱ्या पाळीला उभा होता. त्याच्या आधी? बदली माणूस दिला नव्हता. त्याच्या आधी? असं करत ते मॅनेजरच्या खुर्चीपर्यंत येत आणि तिथेही थांबत नसत, तिच्याही मागे जात.

"चौकशी एका माणसाच्या नावापाशी थांबली," ते म्हणत, "की समजायचं, चौकशी करणाऱ्याला जेवायची घाई आहे."

'नशीब' आणि 'देवाची मर्जी' ही कारणंसुद्धा त्यांच्या मते त्याच घाईतली. माणूस मागे जाऊन जाऊन दमतो आणि जिथे दमतो तिथे देव बसवतो, हा त्यांचा सिद्धांत. पण कामगारांच्या देवाला त्यांनी कधी दुखावलं नाही. दसऱ्याला यंत्रांची पूजा असे. फुलं, हळदकुंकू, नारळ सगळं चाले. फक्त निरांजन आत न्यायचं नाही, कारण आत चटकन पेट घेणाऱ्या सॉल्व्हंटची पिंपं. आरती गेटबाहेर उभं राहून, कारखान्याकडे तोंड करून. सगळी मंडळी टाळ्या वाजवत असताना लिमयेकाका लाल अग्निशामक हातात धरून इतके गंभीर उभे असत की नव्या पोरांना वाटे, पुजारी हेच.

आता परबमामांचा मुद्दा सांगतो, कारण तो मला आजही खोडता येत नाही. ते म्हणाले, "लिमये, मी उभा जन्म मालगाडीच्या शेवटच्या डब्यात बसलो. पुढचा डबा मला ओढतोय, त्याला त्याच्या पुढचा. तुम्ही म्हणता डबेच डबे आहेत, संपतच नाहीत. असू देत. पण नुसते डबे कितीही जोडा, गाडी कल्याण यार्डातून हलायची नाही. कुठेतरी इंजिन पाहिजे. मला ते दिसत नव्हतं, म्हणून मी कधी नाही म्हटलं नाही."

मी तर मनातल्या मनात टाळीच दिली. लिमयेकाकांनी चष्मा पुसला.

"मग इंजिनाला कोण ओढतं?"

"ते स्वतः चालतं. म्हणून तर ते इंजिन."

"एक गोष्ट स्वतः चालू शकते हे तुम्ही कबूल केलंत. मग गाडीच स्वतः चालते, असं का नको? मधे एक वस्तू वाढवली कशाला?"

"कारण डबा तो डबा. इंजिनाची जातच वेगळी."

"हा मुद्दा चांगला आहे," लिमयेकाका म्हणाले. समोरच्याचा मुद्दा चांगला असला की ते तसं मोकळेपणानं सांगत, त्यामुळे त्यांच्याशी भांडणं फार कठीण होतं. मग म्हणाले, "पण परब, वळणावर तुम्हाला इंजिन दिसायचं ना?"

"दिसायचं की. विठ्ठलवाडीच्या पुढे तर चांगलं दिसायचं."

"मग मला तसं एखादं वळण दाखवा. दिसलं की मी मानतो."

वळणाचा शोध कित्येक रविवार चालला. दोघांच्या बायकांनी वरून हाका मारायच्या, दोघांनी "आलो" म्हणायचं आणि जागचं हलायचं नाही. नलिनीकाकू, म्हणजे लिमयांच्या पत्नी, गॅलरीतून ओरडून विचारत, "अहो, विश्व झालं असेल तर कोथिंबीर आणा."

काकूंचं देवघर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात होतं. रोज पूजा, संध्याकाळी दिवा, चैत्रात गौर. काकांनी त्यावर कधी शब्द काढला नाही. फक्त खिडकीचा पडदा निरांजनापासून लांब बांधून ठेवला. मीनल, त्यांची एकुलती एक मुलगी, लग्न होऊन ठाण्याला कोपरीत राहत होती. शाळेत विज्ञान शिकवायची. माहेरी आली की टाकीजवळ येऊन दोन्ही पक्षांना चिडवायची आणि शेवटी परबमामांच्या बाजूनं मत द्यायची, केवळ बाबांचा चेहरा बघायला.

त्या वर्षी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला मीनल येऊ शकली नव्हती. शाळेची परीक्षा होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं फोन केला, की आज नको, उद्या येते. काकू म्हणाल्या, अगं आजच ये, तुझ्यासाठी आंबेडाळ काढून ठेवलीय, उद्यापर्यंत विटेल. मीनल बरं म्हणाली. दुपारी स्कूटरवरून निघाली. शिळफाट्याच्या रस्त्यावर एक ट्रेलर वळत होता. त्यानं तिला पाहिलं नाही.

मी त्या दिवसाबद्दल जास्त लिहिणार नाही. एरवी मला वेळ घ्यायला आवडतो.

पुढचे दिवस घरात माणसांची रीघ होती. येणारा प्रत्येक जण तेच म्हणे, देवाची मर्जी. मला भीती होती, की लिमयेकाका आता कुणाला तरी त्यांचं ते जेवायच्या घाईचं ऐकवणार. ते काहीच बोलले नाहीत. बोलत होत्या त्या काकू. येईल त्याला त्या एकच वाक्य सांगत, अगदी शांतपणे, पत्ता सांगावा तसं. ती उद्याच येणार होती. मी म्हटलं आजच ये.

काकांनी त्यांना मागे न्यायचा प्रयत्न केला. मी समोर बसलेलो. त्यांच्या पायाशी सतरंजीवर बसून ते सांगत होते, की नलू, तो ट्रेलरवाला रात्रभर गाडी चालवत होता. त्याच्या आधी त्याला कुणीतरी विश्रांती नाकारली. त्याच्या आधी त्या वळणावर आरसा लावायला कुणाला सुचलं नाही. त्याच्या आधी शाळेनं परीक्षा पुढे ढकलून नेमकी हळदीकुंकवाच्या दिवशी ठेवली. उभ्या आयुष्यात जितक्या चौकश्या केल्या, त्या सगळ्यांची अक्कल पणाला लावून ते बायकोला त्या साखळीतून सोडवत होते. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "हो. पण मी बोलावलं नसतं, तर ती तिथे असती का?"

उत्तर 'नाही' असं होतं. हा प्रश्न त्यांचाच होता. इतकी वर्षं रोज जेवताना त्यांच्या चौकश्या ऐकून काकू तो शिकल्या होत्या.

"त्याच्या आधी काही नाही हो," काकू म्हणाल्या. "मीच."

त्यानंतर त्यांनी जेवण सोडलं. उपास वगैरे नव्हता, रागही नव्हता. ताट समोर आलं की त्या बघत बसत आणि ते झाकून ठेवत. देवघरही बंद केलं. परबांच्या बायकोनं विचारलं, तर म्हणाल्या, देवाला काय विचारायचंय, कुणी केलं ते मला माहीत आहे. मीनलचा नवरा येऊन, हात जोडून, रडून गेला. डॉक्टरांनी सलाइन लावलं, घरी पाठवलं, पुन्हा लावलं. मग त्यांनी काकांना बाजूला घेऊन सांगितलं, की औषधानं होण्यासारखं होतं ते झालंय. आता पोटात अन्न गेलं नाही तर फार दिवस निघायचे नाहीत.

त्या रविवारी काका टाकीजवळ आले. बऱ्याच दिवसांनी. परबमामा आणि मी उगाचच बसलेलो. परबमामांनी खुर्ची पुढे केली, पण ते बसले नाहीत.

"परब," ते म्हणाले, "तुमचं ते इंजिन. ते दोष घेतं का?"

परबमामांना समजायला जरा वेळ लागला. "कसला दोष?"

"कसलाही. कुणाचाही. पूर्ण घेतं का? परत नाही ना देत?"

"घेतं," परबमामा म्हणाले. "सगळा घेतं."

"माझी साखळी लांब आहे हो. कितीही मागे नेता येते. पण तिला टेकायला कुठे जागा नाही. नलूनं तिचं ओझं ठेवायचं कुठे?" मग इकडेतिकडे बघून, जणू काही चोरीचं सामान विचारतोय अशा आवाजात ते म्हणाले, "मला पूजा शिकवाल?"

परबमामा ताडकन उठले. शिकवण्यापेक्षा त्यांना तोंड फिरवायचं होतं, असं मला वाटलं.

पूजेचा तो पहिला दिवस मी पाहिला आणि त्याही दिवसांत मला हसू आलं. लिमयेकाका सोवळं म्हणून धुतलेला पायजमा घालून बसलेले. उजव्या हाताला फुलं, डाव्या हाताला वाळूनं भरलेलं आइस्क्रीमचं डबडं आणि ओला टॉवेल. परबमामांनी विचारलं, ही वाळू कशाला? काका म्हणाले, तुम्ही निरांजन लावताय ना. पुढे गंध कुठल्या बोटानं, फूल देठाकडून की पाकळ्यांकडून, हे सगळं ते यंत्राची माहिती घ्यावी तसं विचारत होते. काकू खोलीच्या दारात येऊन भिंतीला धरून उभ्या होत्या. पुष्कळ दिवसांनी त्या पलंगावरून उठल्या होत्या. इतकं विचित्र दृश्य त्या घरानं कधी पाहिलंच नव्हतं.

पूजा झाली. काका वळले आणि कारखान्यात निष्कर्ष वाचून दाखवताना लावत असतील तसल्या आवाजात म्हणाले, "नलू, मी सगळीकडून तपासलं. हे यानं केलंय. तू नाहीस. ट्रेलरवालासुद्धा नाही. हाच. याच्या आधी काही नसतं. चौकशी इथे संपली."

काकू देवघराकडे बघत राहिल्या. मग त्यांनी जे तोंड सोडलं, ते मी आमच्या बिल्डिंगमध्ये पाण्यावरूनसुद्धा ऐकलेलं नाही. मेल्या, तुला दुसरं कुणी दिसलं नाही का, इथपासून सुरुवात झाली. इतकी वर्षं तुला न्हाऊमाखू घातलं, असं म्हणत त्यांनी ताम्हन उचललं आणि पुन्हा ठेवलं. बोलता बोलता रडू लागल्या. मीनल गेल्यापासून त्यांचं ते पहिलं रडणं. काका खाली मान घालून, स्वतःवरचा ठपका ऐकावा तसे बसून होते. दुपारी परबांच्या बायकोनं मऊ भात दिला. काकूंनी त्यातला थोडा खाल्ला.

मग रोज तसंच झालं. सकाळी काका पूजा करत, काकू देवाला बोलत, आणि त्यानंतर जेवत. हळूहळू बोलणं कमी झालं, जेवण वाढलं.

बिल्डिंगमध्ये अर्थातच चर्चा झाली. क्लासेस चालवणारे एक नवे गृहस्थ राहायला आले होते. त्यांनी टाकीजवळ चारचौघांत काकांना विचारलं, काय लिमये, शेवटी शरण आलात ना? काका फक्त हसले. गृहस्थ परबमामांचा हात हलवून अभिनंदन करायला लागले. परबमामा रागावले की त्यांची मालवणी बाहेर येते. "गप रवा," ते म्हणाले. "हयसर कोणच जिंकूक नाय." त्यानंतर खटला कधीच बोर्डावर आला नाही. दोघं शेजारी शेजारी खुर्च्या टाकून बसत आणि टँकरची वाट बघत.

मी मात्र न राहवून एकदा विचारलं. आम्ही दोघं गच्चीवर टाकीची पातळी बघायला गेलेलो. म्हटलं, काका, खरं सांगा, पटलं का?

ते पाण्यात बघत राहिले. "विश्वाचं मला अजून माहीत नाही रे," ते म्हणाले. "त्याला कुणी लागत नसेलही. आमच्या घराला लागत होता."

त्यांना मी शेवटचं नीट पाहिलं ते एका सकाळी, पेपर परत द्यायला गेलो तेव्हा. दार उघडंच होतं. पूजा नुकतीच झाली होती. काकूंनी देवाला हात जोडले आणि त्या दूध तापवायला ओट्याकडे वळल्या. त्यांची पाठ फिरली तसा काकांनी पुढे वाकून दोन बोटांनी निरांजनाची ज्योत चिमटली आणि धूर हातानं हलकेच पांगवला. देवापुढचा दिवा असा कुणी मालवत नाही. माझी आई असती तर कान धरले असते. पण लक्ष द्यायला कुणी नसताना घरात उघडी ज्योत ठेवायची नाही, हा काकांचा नियम देवघरापाशीही तोच होता. बोटं पायजम्याला पुसत ते उठले, गुडघ्यावर हात देऊन, कण्हत. मी पेपर ठेवताना ओट्याकडे पाहिलं. समोर स्टीलचा मोठा डबा होता, घासूनपुसून लख्ख, मागचं देवघर त्यात दिसेल इतका. काकू त्यात बघत होत्या. त्यांनी मला पाहिलं, आणि दुधाखालचा गॅस जरा बारीक केला.

काका गेल्या पावसाळ्यानंतर गेले. छातीत दुखलं, कल्याणच्या एका हॉस्पिटलात नेलं, आणि नावगाव लिहीपर्यंत सगळं आटोपलं होतं.

शोकसभा पार्किंगमध्ये झाली. माइक अर्थातच माझ्या हातात. पण मला दोन वाक्यांपुढे बोलता येईना, हे आमच्या बिल्डिंगनं पहिल्यांदाच पाहिलं. परबमामा तर उठलेच नाहीत. त्यांनी मानेनंच नको म्हटलं. शेवटी सोसायटीचे अध्यक्ष बोलायला उभे राहिले. चांगला माणूस, बोललेही चांगलं. लिमयेसाहेब आयुष्यभर जगाचं पहिलं कारण शोधत राहिले, म्हणाले. देव नाही असं ठासून सांगत राहिले. पण दुःखानं त्यांचे डोळे उघडले आणि अखेरची वर्षं ते पूर्ण श्रद्धेनं त्याच्या चरणी लीन झाले, यातून आपण सर्वांनी बोध घेण्यासारखा आहे.

माणसांनी माना हलवल्या. काकू पहिल्या रांगेत, प्लॅस्टिकच्या खुर्चीत, हात मांडीवर ठेवून बसलेल्या. त्यांनी बोलायचं ठरलेलंच नव्हतं, आणि माइक त्यांच्यापासून लांब होता. तरी मागच्या भिंतीपर्यंत ऐकू गेलं.

"नाही हो, त्यांना कधीच पटलं नाही. मी जेवावं म्हणून करायचे ते."